हॉटेलातली प्रकाशयोजना: मालक आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

दहा ते चाळीस खोल्यांची हॉटेलं, रिसॉर्ट आणि होमस्टे चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. कोकणपट्टी, महाबळेश्वर-पाचगणी आणि भंडारदऱ्याच्या बाजूचे मालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच इथे घेतले आहेत. तुमच्या इमारतीचा नकाशा समोर ठेवून वाचा.

"वातावरण तयार करा" असं आर्किटेक्ट म्हणतो. म्हणजे नेमके कोणते दिवे घ्यायचे?

दिव्यांची यादी सगळ्यात शेवटी करायची. आधी दोन गोष्टी ठरवा: पाहुण्याची नजर कुठे जायला हवी, आणि कुठे अंधार राहू द्यायचा. दुसरी गोष्ट कोणी ठरवतच नाही. फॉल सिलिंग झालं की चार-चार फुटांवर डाउनलाइटची भोकं पाडली जातात, सगळीकडे सारखा उजेड पडतो आणि लॉबी बँकेच्या शाखेसारखी दिसायला लागते. त्यातला बहुतेक उजेड फरशीवर जातो. फरशीकडे कोण बघतं? माणूस बघतो समोरच्या भिंतीकडे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे, ताटाकडे, खिडकीकडे. उजेड तिथे हवा.

रिचर्ड केली हे अमेरिकन प्रकाशयोजनाकार. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगच्या प्रकाशयोजनेत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी १९५०च्या दशकात उजेडाचे तीन प्रकार सांगितले: सगळीकडे पसरलेला सौम्य उजेड, एखाद्या वस्तूवर नेमका टाकलेला उजेड, आणि केवळ डोळ्याला सुखावणारी चमक. आमच्याकडच्या हॉटेलांत पहिला प्रकार गरजेच्या तिप्पट असतो, दुसरा जवळपास नसतोच आणि तिसऱ्याच्या नावाखाली मोठं झुंबर टांगलेलं असतं. पहिला निम्म्यावर आणा, वाचलेले पैसे दुसऱ्यात घाला. एवढ्यानेही फरक दिसतो.

उजेड कमी केला की पाहुणे "फार अंधार आहे" अशी तक्रार करतात. मग?

ही तक्रार गंभीरपणे घ्यायची, कारण ती बहुतेक वेळा खरी असते. फक्त तिचं कारण दिवे कमी असणं हे नसतं. खोली उजळ वाटते की अंधारी, हे डोळा उभ्या पृष्ठभागांवरून ठरवतो. भिंती काळवंडलेल्या असल्या की फरशीवर कितीही उजेड ओता, माणूस म्हणणार अंधार आहे. उलट, एका भिंतीवर वरून खाली नीट उजेड सोडला की निम्म्या वॅटमध्येही खोली भरलेली वाटते. म्हणून तक्रार आली की डाउनलाइट वाढवू नका, एखादी भिंत उजळा.

मटेरियलचा हिशेब धरायलाच हवा. पांढरा रंग आलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के परत फेकतो. जांभा, गडद सागवान आणि कडप्पा त्यातला बराचसा गिळून टाकतात. चिऱ्याच्या भिंती उघड्या ठेवलेल्या रिसॉर्टला गिलाव्याच्या इमारतीचा आराखडा जसाच्या तसा चालत नाही.

दुसरं, आपल्याकडे पाहुणा एकटा येत नाही. आजी-आजोबा बरोबर असतात. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एकतृतीयांशच उजेड पोचतो, आणि उघडा दिवा त्याला जास्त बोचतो. त्यामुळे पायऱ्या, उंबरे, बाथरूमचं दार, मेनूकार्ड आणि बिलाची जागा इथे तडजोड नको. वातावरणासाठी कोपरे अंधारात ठेवा, पायरी नको.

वॉर्म व्हाइट घ्यावा की पांढरा?

उजेड पिवळसर की निळसर, हे केल्विनमध्ये मोजतात: आकडा लहान तितका उजेड पिवळा. पाहुणा जिथे बसतो, जेवतो, झोपतो तिथे २७०० केल्विन. लॉबी आणि बाथरूमला ३०००. स्वयंपाकघर, लाँड्री, स्टोअर यांना ४०००. ६५०० केल्विनचा, म्हणजे खोक्यावर "कूल डेलाइट" लिहिलेला दिवा पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यात कुठेही नको.

कारण सांगतो. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विनची असते, जुना ६० वॅटचा बल्ब २७००च्या आसपास. संध्याकाळनंतर मंद उजेड म्हटलं की पिवळसर, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. पांढरा दिवा मंद केला की खोली राखेरी, आजारी दिसते. शिवाय निळसर उजेड रात्री मेंदूला दिवस असल्याचा निरोप देतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी पाझरतं. झोप विकणाऱ्या धंद्यात हे परवडत नाही.

एक सवय मात्र मोडावी लागते. आपल्याकडे पांढरा उजेड म्हणजे स्वच्छता आणि नवेपणा असं समीकरण बसलंय. घरात पहिली ट्यूबलाइट आली तेव्हाचा आनंद अजून अनेकांच्या मनात आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण पाहुणा घरी ट्यूबलाइट सोडून तुमच्याकडे आलेला असतो.

सगळ्यात वाईट म्हणजे सरमिसळ. एक दिवा गेला, वायरमनने दुकानात मिळाला तो लावला, आणि पिवळ्या रांगेत एक पांढरा दात दिसायला लागला. एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच बॅचचे दिवे घ्या, दहा टक्के जास्तीचे घेऊन स्टोअरमध्ये ठेवा आणि खोक्यावर कोणत्या जागेचा ते मार्करने लिहा.

सीआरआय म्हणजे काय? दुकानदार म्हणतो सगळ्यांत सारखाच असतो.

सारखा नसतो. दिव्याखाली वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, कमाल १००. बाजारातले साधे एलईडी ८०च्या आसपास, स्वस्तातले त्याहूनही खाली. डायनिंग, रूम आणि बाथरूमच्या आरशाजवळ ९० किंवा जास्त मागा.

एक प्रयोग करून बघा. एक ताट वाढा: तांबडा रस्सा, सोलकढी, भात, लिंबाची फोड, कोथिंबीर घातलेली भाजी. आधी ८०चा दिवा लावा, मग तेवढ्याच केल्विनचा ९५चा. ८०खाली रश्श्यावरचा तवंग तपकिरी वाटतो, सोलकढीची गुलाबी झाक मळते आणि माणसांच्या हाताची कातडी पांढुरकी पडते. ९५खाली तोच तवंग लाल होतो. फरक लालभडक रंगांत जास्त का, तर सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लालाचा आकडा, ज्याला आर९ म्हणतात, त्यात धरलेलाच नसतो. आपलं जेवण हळद-तिखटाचं, म्हणून डेटाशीटवर आर९ पन्नासच्या वर आहे का ते विचारा. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत डेटाशीट मागितली की काही दुकानदार कपाळाला आठ्या घालतात. जो काढून दाखवतो त्याच्याकडून माल घ्या.

रिसेप्शनला पहिली छाप पडावी म्हणून काय करावं?

दिवसाचं आणि रात्रीचं रिसेप्शन या दोन वेगळ्या जागा समजा. जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात, लॉबीत दोनशे. गाडीतून उतरून आलेला माणूस दोन-चार क्षण आंधळा होतो. दिवसा दारापासून आत उजेड उतरत्या भाजणीत हवा: बाहेर ऊन, मग सावलीची जागा, मग आतला काउंटर. कोकणातल्या जुन्या घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर हा क्रम हेच काम करतो. तुमच्या इमारतीला पडवी असेल तर ती काच लावून बंद करू नका. रात्री क्रम उलटा: बाहेर अंधार, त्यामुळे आतला दिवा दिवसापेक्षा बराच मंद हवा, नाहीतर डोळे दिपतात.

काउंटरवर उजेड कुठे पडतो ते बघा. रिसेप्शनिस्टच्या डोक्यावर सरळ खाली मारणारा स्पॉट असेल तर डोळ्यांखाली खड्डे आणि नाकाखाली मिशी दिसते. तुमच्या सगळ्यात हसतमुख माणसाचा चेहरा थकलेला वाटतो. तो स्पॉट काढा. मागची भिंत उजळा, काउंटरवर शेड असलेला एक टेबललॅम्प ठेवा, म्हणजे समोरून आणि बाजूने मऊ उजेड चेहऱ्यावर येईल. सही करण्याच्या जागी तीनशे लक्स पुरतात. मोबाइलवरचं लक्समापक अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला चालतं.

रूममध्ये किती दिवे आणि कुठे?

बेडच्या बरोबर वर एकही नको. ही आमची एकच हट्टाची अट. पाहुणा रूममधला सगळ्यात जास्त वेळ आडवा पडून छताकडे बघत घालवतो, आणि आपण नेमका तिथे त्याच्या डोळ्यांत जाणारा स्पॉट बसवतो.

मग काय हवं? बेडच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र वाचनदिवा, ज्याचा स्विच पडल्यापडल्या हाताला लागेल. एकाला वाचायचंय आणि दुसऱ्याला झोपायचंय, हा रोजचाच प्रकार, त्यामुळे झोत अरुंद हवा. जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर बसवला की उशीला टेकून वाचणाऱ्याच्या खांद्यावरून उजेड पानावर पडतो. हेडबोर्डमागे किंवा पडद्याच्या पेल्मेटमध्ये झाकलेली पट्टी, भिंत उजळण्यासाठी. टेबलाशी एक दिवा. बॅग उघडायच्या जागी आणि कपाटात भरपूर उजेड. कपाटात दाराबरोबर लागणारा दिवा असला तर उत्तम. बाल्कनीला एक, तोही मंद आणि खाली तोंड केलेला.

रात्री बाथरूमला उठणाऱ्यासाठी बेडखाली किंवा स्कर्टिंगजवळ एक छोटा सेन्सरचा दिवा लावा. पूर्वी झीरोचा बल्ब रात्रभर जळायचा, तो डोळ्यावर यायचा. सेन्सरचा दिवा पाय खाली टेकल्यावरच लागतो आणि फक्त फरशी दाखवतो. उजेड अंबर रंगाचा असला तर पुन्हा झोप लागायला त्रास होत नाही.

आता स्विच. दारातला एक स्विच सगळं बंद करणारा हवा, आणि तसाच दुसरा बेडजवळ. मध्यरात्री एक दिवा बंद होत नाही म्हणून रिसेप्शनला फोन येतो, तेव्हा चूक पाहुण्याची नसते. नऊ स्विचचा बोर्ड आणि त्यावर एकही चिन्ह नाही, ही रूम कितीही सुंदर असो, पाहुणा चिडणारच. चार बटणं पुरतात: सगळं, वाचन, मंद, बंद. महागडी टचपॅनल्स टाळा. सत्तरीच्या काकांना अंधारात ती सापडत नाहीत.

आणि काम संपलं की रात्री एकदा स्वतः रूममध्ये झोपा. एसीचा हिरवा ठिपका, टीव्हीचा लाल, सेट-टॉप बॉक्सचा निळा, दाराखालून येणारी कॉरिडॉरची पट्टी हे सगळं तेव्हाच दिसतं.

दिवा लावला की भिंतींवर आणि फरशीवर पंख्याची सावली फिरते. उपाय?

दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर आलाय. नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून दोन फूट पातं. डाउनलाइट त्या वर्तुळाच्या बराच बाहेर, भिंतीकडे सरकवा, किंवा छतातले दिवे काढून टाकून भिंतीवर पात्यांच्या पातळीखाली घ्या. ही फडफड काही जणांना डोकेदुखी देते, त्यामुळे "चालतंय" म्हणून सोडू नका. आराखड्यात इलेक्ट्रिकलचा आणि पंख्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघितला तर हा प्रश्न येतच नाही.

बाथरूमच्या आरशाला वरून दिवा आहे. पुरे ना?

पुरत नाही. वरच्या दिव्याने हनुवटीखाली सावली येते. दाढी करणारा आणि काजळ घालणारी, दोघंही वैतागतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना, साधारण पाच ते साडेपाच फूट उंचीवर उभे दिवे लावा. जागा नसेल तर मागून सगळीकडे सारखा उजळणारा आरसा घ्या, पण ३००० केल्विनचा आणि ९० सीआरआयचा. बाजारात मिळणारे बहुतेक असे आरसे ६५००चे असतात, त्यात सकाळी कोणालाच स्वतःचं तोंड आवडत नाही. दिवा धूळ-पाण्याला किती दाद देत नाही ते आयपीच्या आकड्यावरून कळतं: पाण्याजवळ किमान आयपी४४, शॉवरच्या आत आयपी६५.

कॉरिडॉर?

मधोमध रांग लावू नका. प्रत्येक दाराशी एक दिवा, जो नंबर आणि किल्लीची जागा उजळेल, आणि दोन दारांमध्ये थोडा अंधार. लांबलचक कॉरिडॉर त्याने तुटतो आणि पाहुण्याला आपलं दार लांबून ओळखता येतं. सरासरी शंभर लक्स पुरे, मध्यरात्रीनंतर त्याहून कमी.

डायनिंग हॉलमध्ये फॅमिली हवी आणि रोमँटिकही हवं. जमेल का?

जमतं, पण वेळ वाटून घ्यावी लागते. सकाळच्या नाश्त्याला खिडक्या उघड्या आणि छताचे दिवे पूर्ण. दुपारच्या थाळीला तेच, थोडे कमी. रात्री आठनंतर छताचे दिवे वीस-तीस टक्क्यांवर आणि टेबलांवरचे स्पॉट चालू.

टेबलावर उजेड कसा मोजायचा ते बघा. छत दहा फुटांवर, टेबल अडीच फुटांवर, म्हणजे अंतर साडेसात फूट. २४ अंशांचा झोत असलेला स्पॉट तेवढ्या अंतरावर साधारण तीन फूट व्यासाचं वर्तुळ टाकतो. म्हणजे चौघांचं टेबल बरोबर झाकलं जातं आणि खुर्च्यांवर बसलेल्यांच्या डोळ्यांत काही जात नाही. ३६ अंशांचा घेतलात तर वर्तुळ पावणेपाच फुटांचं होतं, ते डोक्यांवर पडतं. ताटावर आदळून परत आलेला उजेड चेहऱ्यांना खालून उजळतो, आणि पांढरा टेबलक्लॉथ असेल तर तो आणखी मऊ होतो. केळीच्या पानावर हे कमी होतं, तेव्हा भिंतीवरचा उजेड थोडा वाढवावा लागतो.

टांगलेला दिवा हवा असेल तर त्याची खालची कड टेबलापासून अडीच ते पावणेतीन फुटांवर ठेवा, समोरासमोरच्यांना एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. मात्र लग्नाचा किंवा वाढदिवसाचा मोठा ग्रुप आला की टेबलं सरकतात, आणि मग दिवे मोकळ्या जागेवर लोंबतात. टेबलं वारंवार हलत असतील तर ट्रॅकवर सरकणारे स्पॉट घ्या.

फॉल सिलिंगमध्ये रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावल्या तर उठाव येईल का?

नको. निळ्या-जांभळ्या उजेडात माणसांची कातडी आणि अन्न दोन्ही वाईट दिसतात. उठाव हवा असेल तर पट्टी एकाच वॉर्म रंगाची घ्या आणि ती कधीच दिसू देऊ नका. दिसावा फक्त तिचा उजेड. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवा, वर दुधी झाकण लावा, ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइलसमोर ठिपके उमटतात म्हणून तिथे सीओबी पट्टी, म्हणजे ठिपके न दिसता सलग उजळणारी पट्टी वापरा. लांबी पाच मीटरपेक्षा जास्त असेल तर १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्ट, नाहीतर शेवटचं टोक फिकं पडतं. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा, कुठे ठेवलाय ते लिहून ठेवा आणि तिथवर हात जाईल अशी झडप ठेवा. पट्टीच्या आधी बहुधा ड्रायव्हरच जातो, आणि मग सिलिंग फोडावं लागतं.

डिमर बसवला तर दिवे थरथरतात, गुणगुणतात.

दिवा, ड्रायव्हर आणि डिमर या तिघांचं जमायला हवं. खोक्यावर "डिमेबल" नसेल तर तो दिवा डिमरवर घालूच नका. पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे डिमर नव्हे, हेही सांगावं लागतं. जुन्या पद्धतीचे डिमर पाचशे वॅटच्या बल्बांसाठी बनलेले. त्यावर सात वॅटचे चार एलईडी लावले की किमान भारच भरत नाही आणि दिवे लुकलुकतात. नवीन काम असेल तर मोठ्या हॉलसाठी डाली (DALI) ही डिजिटल दिवे-नियंत्रण प्रणाली, छोट्यासाठी ० ते १० व्होल्टचे ड्रायव्हर. दोन्हींना वेगळी कंट्रोल वायर लागते, म्हणून झिरी मारायच्या आधी ठरवा, गिलावा झाल्यावर नाही.

खरेदीपूर्वी एक नमुना लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर दिवा लुकलुकतोय. लग्नाचे व्हिडिओ शूट होणाऱ्या हॉलमध्ये हे फार महागात पडतं.

स्विच बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो. वायरिंग खराब आहे का?

बहुतेक वेळा स्विचमधल्या लाल इंडिकेटरमधून झिरपणारा करंट असतो. इंडिकेटर नसलेला स्विच लावून बघा. तरी राहिलं तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. हे धोक्याचं आहे, लगेच जाणकार वायरमनकडून तपासून घ्या.

समई, लामणदिवे, कंदील वापरून मराठी वातावरण करता येईल?

जरूर, आणि मनापासून करा. हे सगळे दिवे मंद आणि डोळ्याच्या पातळीजवळचे असतात, त्यामुळे चेहरे सुंदर दिसतात. दोन पथ्यं. पहिलं, संख्या कमी. प्रवेशाशी एक चांगला पितळी लामणदिवा पुरतो, रांगेने बारा टांगले की दुकान वाटतं. दुसरं, पितळेवरही थोडा उजेड सोडा. फक्त ज्योत दिसली आणि धातू अंधारात राहिला तर कारागिरी वाया गेली. कोनाडे असतील तर त्यांच्या आत, वरच्या कडेमागे लपवलेला छोटा दिवा भिंतीची जाडी दाखवतो.

संध्याकाळी खरी समई लावायची असेल तर ती उघड्या पडवीत, माणूस जवळ असताना. पडदे, लाकडी छत आणि एसीच्या झोताजवळ खरी ज्योत नको. आत वापरायला १८०० ते २२०० केल्विनचे ज्योतीच्या आकाराचे एलईडी मिळतात, ते स्थिर उजेडाचे घ्या. खोटी थरथर करणारे लांबून कळतात.

समुद्राजवळ दिवे वर्षभरात गंजतात.

खारट वाऱ्यात पावडर कोटिंग केलेलं साधं लोखंड एक पावसाळा काढतं. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, पितळ किंवा तांबं घ्या; ३०४ ग्रेडवरही किनाऱ्याला डाग पडतात. बाहेर आयपी६५, पाण्यात बुडणाऱ्याला आयपी६८. केबल शिरते तिथली ग्लँड नीट घट्ट नसेल तर वरचा आकडा कागदावरच राहतो. विजा आणि व्होल्टेजच्या उसळ्यांसाठी डिस्ट्रिब्युशन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर हवाच. उन्हाळ्यात छान चालणारे सोलर गार्डन लाइट पावसाळ्यात दोन तासांत डोळे मिटतात, त्यांच्यावर रस्त्याची भिस्त ठेवू नका.

वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला असाल तर आणखी एक जबाबदारी आहे. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात या किनाऱ्यांवर अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात. पिल्लू सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालतं. निसर्गात ते समुद्राचं असतं. तुमच्या बीच-फेसिंग फ्लडलाइटमुळे ते जमिनीकडे वळतं आणि मरतं. किनाऱ्याकडे तोंड केलेला एकही दिवा नको. वाटेचे दिवे गुडघ्याएवढे, वरून झाकलेले, अंबर रंगाचे ठेवा आणि हंगामात रात्री बंद करा. कासव बघायला येणारा पाहुणा तुमच्यावर रागावणार नाही, त्याला कारण सांगा.

भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत बाहेर किती दिवे ठेवावेत?

पायरीपुरते. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या आधी काजवे चमकतात आणि ही चमक म्हणजे नराने मादीला दिलेली साद असते. झाडावर मारलेल्या फोकसमध्ये ती साद दिसत नाही, जोड्या जुळत नाहीत. झाडांवरचे अपलाइट त्या दिवसांत मेन स्विचपासून बंद ठेवा. खरं तर वर्षभरही त्यांची फारशी गरज नसते, पण हे आम्ही मालकांवर सोडतो.

पावसाळ्यात पाखरांचा त्रास वॉर्म किंवा अंबर दिव्यांनी कमी होतो, पूर्ण थांबत नाही. जेवणाच्या टेबलापासून दूर एक जरा उजळ दिवा ठेवला की बरीच पाखरं तिकडे जातात.

लाईट गेली तर?

जनरेटर सुरू होईपर्यंतचे दहा-पंधरा सेकंद सगळ्यात धोक्याचे. जिना, कॉरिडॉर, दार आणि लिफ्टसमोर बॅटरीवर आपोआप लागणारे दिवे हवेतच, आणि बाहेर जाण्याच्या खुणा कायम उजळलेल्या. हे वातावरणाला शोभत नाही म्हणून झाकण्याचा आग्रह काही डेकोरेटर धरतात. त्यांचं ऐकू नका. किती आणि कुठे, हे अग्निशमनच्या नियमांनुसार ठरवून घ्या. प्रत्येक रूममधला एक तरी दिवा इन्व्हर्टरवर ठेवा, शक्यतो बेडजवळचा.

बिलात किती फरक पडतो?

कॉरिडॉरचं उदाहरण घ्या. ५० वॅटचे २० हॅलोजन रोज १२ तास जळले तर १२ युनिट. त्याच जागी १२ वॅटचे एलईडी २.८८ युनिट. माणूस नसताना वीस टक्क्यांवर जाणारे सेन्सर लावले आणि वर्दळ एकूण तीन तासांची धरली तर साधारण १.१५ युनिट. म्हणजे हॅलोजनवरून एलईडीवर येण्यात मोठी बचत झाली, पुढची बचत छोटी आहे. दीड टनाचा एक एसी दोन-तीन तासांत तेवढे २.८८ युनिट संपवतो. त्यामुळे दोन पैसे वाचवायला कमी सीआरआयचा दिवा घेण्यात अर्थ नाही. वीज वाचवायची असेल तर रूमच्या की-कार्डवर एसी आणि गीझर आणा.

बुकिंग साइटवर फोटोत आमचं हॉटेल पिवळं किंवा निळं येतं.

पांढरे आणि पिवळे दिवे एकत्र लागलेत. कॅमेऱ्याला कोणता पांढरा धरावा ते कळत नाही. एकाच केल्विनचे दिवे लावा, टीव्ही बंद करा आणि सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत फोटो काढा. तेव्हा खिडकीबाहेरचा निळा आणि आतला पिवळा उजेड सारख्या ताकदीचे असतात.

हॉटेल चालू आहे, बंद ठेवता येणार नाही. सुरुवात कुठून करू?

एका रूमपासून. मजल्याच्या टोकाची, विकायला कठीण असलेली रूम घ्या. सिलिंगला हात न लावता बेडवरचा दिवा काढा, दोन वाचनदिवे, एक टेबललॅम्प आणि हेडबोर्डमागे एक पट्टी लावा, सगळं २७०० केल्विन. पाहुण्यांना चेकआउटच्या वेळी "झोप कशी लागली?" एवढंच विचारा. महिनाभरात काय ठेवायचं आणि काय नाही ते कळतं, मग तोच नमुना ऑफ सीझनला मजल्यामजल्याने पुढे न्या. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची कामं होत नाहीत, तेव्हा रूम आणि कॉरिडॉर उरका; बाग आणि दर्शनी भाग दिवाळीच्या आधी.

नवीन इमारत असेल तर प्रकाशयोजनाकाराला स्लॅबच्या पाइप टाकण्याआधी बोलवा. फर्निचरचा नकाशा तयार नसेल तर आम्ही काम सुरूच करत नाही, कारण बेड कुठे येणार हे माहीत नसताना दिव्याची जागा सांगता येत नाही.